गांठींतील जीवाणूंचें विभाजन व त्यावरील ताबा

वाटाणा, मेथी, लसूणघास, सोयाबीन यांच्या मुळ्यांवर ज्या गांठी दिसतात त्या रोगाच्या नसून उपयोगाच्या आहेत, हें आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. या गांठींमुळें पिकास हवेंतील नत्र मिळतो असें १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. आणि १८८८ सालीं हॉलंडांतील बायजेरिंक यांनीं गांठींतील जीवाणु वेगळे काढून वाढविले. परंतु एक प्रश्न त्यानंतरही पुष्कळ वर्षें उरला होता. जो जीवाणु मोकळ्या मातींत एकाचे दोन व दोहोंचे चार होण्यांतच गुंतलेला असतो, तो गांठींत शिरल्यावर आपलें कुटुंब वाढवीत न बसतां झाडासाठीं कसा राबूं लागतो? या प्रश्नाचा बियाण्यास लावावयाच्या जीवाणुखताशीं निकट संबंध असल्यामुळें त्याचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

जीवाणु विभागतो कसा

जीवाणु हा एकाच पेशीचा जीव होय. त्याची पेशी वाढते, मधोमध आडवी भिंत घालते, आणि एकीच्या दोन पेशी होतात. पाहावयास हें सोपें दिसतें. पण त्यांत दोन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. पहिली ही कीं, डीएनए नामक ज्या धाग्यांत त्या जीवाचें सर्व दप्तर सांठविलेलें असतें, त्याची पुरी नक्कल भिंत पडण्यापूर्वीं तयार झाली पाहिजे; नाहीं तर एका वारसाकडे सर्व दप्तर आणि दुसऱ्याकडे कांहींच नाहीं, अशी वांटणी होईल. दुसरी ही कीं, भिंत योग्य जागींच पडली पाहिजे.

भिंतीची जागा आंखण्याचें काम एफटीएसझेड नांवाचें प्रथिन करितें. त्याचे कण एकमेकांस जोडले जाऊन पेशीच्या आंतल्या अंगास कडें तयार होतें, हें बी व लुटकेनहाउस या संशोधकांनीं १९९१ सालीं आंतड्यांतील ई. कोलाय नांवाच्या जीवाणूंत दाखविलें. या कड्यापाशीं इतर प्रथिनें गोळा होतात आणि नवी भिंत बांधतात. कडें भलत्या जागीं पडूं नये म्हणून ई. कोलायमध्यें ‘मिन’ नांवाचीं प्रथिनें एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखी येरझार घालतात. त्यामुळें त्यांचा अटकाव दोन्ही टोकांशीं अधिक व मध्यावर सर्वांत कमी राहतो, आणि कडें मध्यावरच जुळतें.

ई. कोलाय भरपूर अन्नांत सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतो. वाटाणा व लसूणघास यांच्या गांठींतील जीवाणूंस प्रयोगशाळेंतही साधारण २ ते ४ तास लागतात. सोयाबीनचे जीवाणु त्याहून मंद, ६ तासांहून अधिक वेळ घेणारे. तथापि तीन तासांस एक विभाजन धरिलें, तरी एका जीवाणूपासून ६० तासांत १० लाखांवर प्रजा होईल. एका गांठीचा आरंभ बहुधा एका किंवा मोजक्याच जीवाणूंपासून होतो हें लक्षांत घेतलें, म्हणजे विभाजनाचें महत्त्व सहज पटेल.

लसूणघासाच्या जीवाणूचा, म्हणजे सिनोरायझोबियमचा, डीएनए तीन मोठ्या तुकड्यांत असतो. मोकळ्या स्थितींत हे तिन्ही तुकडे दर विभाजनास एकदांच नकलले जातात. अधिक नाहीं, उणें नाहीं. या शिस्तीवर देखरेख करणाऱ्या प्रथिनांत सीटीआरए हें प्रमुख होय. त्यास मुकादमच म्हणावें. प्रयोगांत हा मुकादम दूर केला असतां भिंत पडेनाशी होते, पेशी लांबते व फुगते आणि डीएनए वाढतच जातो.

झाड सूत्रें हातीं घेतें

नेमकी हीच स्थिति लसूणघासाच्या गांठींत आढळते. जीवाणु मुळाच्या केसांतून आंत शिरतात आणि एका बारीक नळींतून विभागत विभागत पुढें सरकतात. मुळाच्या पेशींत सोडले गेल्यावर मात्र त्यांचें विभाजन थांबतें, पण डीएनएची नक्कल थांबत नाहीं. त्यामुळें एकेका जीवाणूंत वीसपटींहून अधिक डीएनए सांठतो आणि त्याची लांबी पांच ते दहा पट होते. हा बदल झाडच घडवितें, असें फ्रान्समधील पीटर मर्गार्ट, इव्हा कोंडोरोसी व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं मांडलें. आणि झाड तो कोणत्या साधनानें घडवितें हें २०१० सालीं दाखविलें. लसूणघासाच्या कुळांतील एका लहान रोपांत, केवळ गांठींतच तयार होणारीं अशीं सहाशेंहून अधिक लहान प्रथिनें आहेत. रोगजंतूंस मारण्यासाठीं वनस्पती जीं प्रथिनें वापरतात, त्यांच्याशीं यांचें साम्य आहे. हीं प्रथिनें जीवाणूंपर्यंत पोहोंचूं दिलीं नाहींत, तर जीवाणु लहानच राहतात आणि गांठ नत्र देत नाहीं. म्हणजे जें मारण्याचें हत्यार, तेंच येथें बेतानें वापरून झाडानें कामकरी घडविला आहे.

खोंडाचा बैल केला म्हणजे त्याची शक्ति वंशवृद्धीकडे न जातां नांगराकडे लागते. तसाच हा प्रकार समजावा. वाटाणा, मेथी, बरसीम व लसूणघास यांच्या गांठींतील असे फुगलेले जीवाणु पुन्हां विभागत नाहींत. त्या गांठींच्या नळ्यांत जे न बदललेले जीवाणु उरतात, तेच गांठ कुजल्यावर मातींत परततात. सोयाबीन व चवळी यांची रीत निराळी आहे. त्यांच्या गांठींतील जीवाणूंची विभाजनाची शक्ति बहुतांशीं कायम राहते.

यावरून घ्यावयाचा बोध

गांठींत काय घडावें हें झाड ठरवितें. परंतु गांठीपर्यंत जिवंत व विभागूं शकणारा जीवाणु पोहोंचविणें हें शेतकऱ्याचें काम आहे. मेलेल्या जीवाणूंचें पाकीट म्हणजे निव्वळ काळी भुकटी होय. तिच्यावर खर्च केलेला पैसा फुकट जातो आणि पीक नत्रावांचून पिवळें पडतें. म्हणून पाकिटावरील मुदत पाहून घ्यावी आणि तें उन्हांत ठेवूं नये. पाकीट ज्या पिकाचें असेल त्याच पिकास वापरावें, कारण सोयाबीनचा जीवाणु हरभऱ्यास चालत नाहीं. साधारणपणें १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम खत गुळाच्या थंड पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावें, बीं सावलींत सुकवावें व लागलीच पेरावें. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं लावावें व जीवाणुखत शेवटीं. असें बीं रासायनिक खतांत मिसळूं नये. जमिनींत नत्र फार असल्यास झाड गांठीच कमी धरितें, हेंही विसरूं नये.

पीक फुलावर येऊं लागलें म्हणजे दोन-चार झाडें मातीसकट अलगद उपटावीं, मुळें धुवावीं आणि गांठ नखानें कापून पाहावी. आंत गुलाबी किंवा तांबूस रंग दिसल्यास काम चालू आहे असें समजावें. पांढरी अगर हिरवट दिसल्यास ती गांठ नत्र देत नाहीं. पुढील हंगामांत काय सुधारावें हें ही एक गांठच सांगेल. आमच्या वाचकांनीं ही परीक्षा आपआपल्या शेतांत अवश्य करून पाहावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.