परिचारिकेच्या मदतीला संगणकीय सल्ला

प्रश्न : बालाघाट जिल्ह्यातील बैहर भागात परिचारिकांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरोखर उपयोग होईल काय?

उत्तर : होईल, परंतु मर्यादित कामापुरता. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत, जिच्याद्वारे उपकेंद्रातील कर्मचारी दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवरून सल्लामसलत करतात, निर्णयसाहाय्य प्रणाली, म्हणजे लक्षणांवरून पुढचे प्रश्न आणि संभाव्य निदाने सुचवणारी संगणकीय व्यवस्था, जोडलेली असून तिच्यामुळे डॉक्टरांपर्यंत अधिक नेटकी माहिती पोहोचू शकते. मात्र बैगा आणि गोंड वस्तीच्या या भागात ताप मलेरियाचा असू शकतो, आणि सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला ताप आल्यास त्याचे गांभीर्य कितीतरी वाढते. अशा वेळी रक्ततपासणीला पर्याय नाही. शिवाय रुग्ण गोंडीत बोलला, तर त्याचे म्हणणे समजून नोंदवण्याचा भार परिचारिकेवरच पडतो, आणि तो तिच्या कामाच्या वेळेत धरला न जाणे हा उघड अन्याय ठरेल. नेटवर्कविना चालण्याची सोय आणि यंत्राचा सल्ला नाकारण्याचा परिचारिकेचा अधिकार लेखी मान्य झाल्याखेरीज अशी प्रणाली तिच्यावर लादली जाऊ नये.