इंग्रजीतील 'अन्' आणि एक अनोळखी शब्द

'हॅपी'ला 'अन्' लागला की 'अनहॅपी' होते, हे आपण शाळेतच शिकतो. पालीतल्या 'अनत्ता' शब्दातला 'अन्' आणि हा इंग्रजी 'अन्' मुळात एकाच घरचे. पण 'अनकूथ' या शब्दातला 'अन्' काढला तर उरलेला 'कूथ' आज सहसा कोणी वापरत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे ठाऊक असलेला. 'कॅन' आणि 'कुड' हे त्याच कुळातले. अर्थात 'अनकूथ' म्हणजे निव्वळ अनोळखी. पुढे अनोळखी तो विचित्र, विचित्र तो ओबडधोबड आणि अखेर असंस्कृत ठरला. माहीत नव्हते बोलणाऱ्याला, शिक्का मात्र बसला समोरच्यावर!

'अनकेम्प्ट'चे तसे नाही. 'केम्प्ट' म्हणजे विंचरलेला. विस्कटलेल्या केसांना तो शब्द आजही शोभतो.

मात्र प्रत्येक उपसर्ग नकाराचा समजू नका. 'इनफ्लेमेबल'मधला लॅटिन 'इन' नकारार्थी नाही. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारा असाच आहे. पिंपावर तो दिसला तर काडी ओढू नये. हा घोटाळा जिवावर बेतू नये म्हणूनच हल्ली धोक्याच्या पाट्यांवर नुसते 'फ्लेमेबल' लिहितात.