एका जुन्या यंत्राचे वाचन

जुनी पोथी संपादित करताना लेखनिकाची चूक दुरुस्त करावी, की जशीच्या तशी ठेवावी? हा प्रश्न आमच्या मराठीच्या तासाला निघाला होता. गेल्या उन्हाळ्यात आरमोरीस मामांकडे गेलो असता एका बंद पडलेल्या टीव्ही गेमने तोच प्रश्न मला पुन्हा घातला.

निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणले. म्हणजे ते आपल्या गडचिरोली जिल्ह्याहून (२६ ऑगस्ट १९८२) वर्षभराने धाकटे. आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघरी पोचल्या त्या मात्र त्याच्या नकला. मामांचा गेम त्यांपैकीच एक. तो उघडला तेव्हा आत राळेचा एक काळा थेंब दिसला; सारे यंत्र त्या थेंबाखालच्या एका चिपेत सामावलेले!

अशा यंत्राचे वर्तन संगणकावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या प्रोग्रामला ‘एम्युलेटर’ म्हणतात. फॅमिकॉमचा प्रोसेसर हा १९७५ च्या ६५०२ या चिपेचा एक अवतार होय. त्याला ५६ प्रकारच्या आज्ञा कळतात, सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके पडतात आणि कामापुरती स्मृती अवघी २,०४८ बाइट. एम्युलेटर कॅसेटमधील अंक एकेक करून वाचतो. ‘ए९’ आला की पुढचा अंक उचलून प्रोसेसरच्या हाती द्यायचा, असा प्रत्येक अंकाचा अर्थ ठरलेला असतो. हे अर्थ लावण्यासाठी जगभरच्या हौशी अभ्यासकांनी अपार कष्ट घेतले आहेत. काहींनी तर ६५०२ चे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन, तिच्या अंतरंगाचा नकाशाच २०१० साली जगापुढे मांडला.

या यंत्रात उणिवाही आहेत. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रे उमटतात. नववे गडप होते. एम्युलेटरमध्ये ही उणीव सहज दूर करता येते. पण काही खेळांत चित्र लपविण्यासाठी तिचाच मुद्दाम उपयोग केलेला असतो. तेथे दुरुस्ती केली की खेळ बिघडतो.

आज्ञा वाचणारा भाग मी स्वतः लिहिला; चित्र आणि आवाजाचा भाग इतरांनी सर्वांसाठी खुला ठेवलेला घेतला. मामांच्या कॅसेटमधला ‘बॅटल सिटी’ हा रणगाड्यांचा खेळ आर्डुइनोच्या साहाय्याने उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी पडद्यावर रणगाडे धावले तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. मामांनी दोन डाव खेळून बटणे खाली ठेवली व म्हणाले, “हा तो खेळ नाही, बापू. याले लय घाई हाये.”

मी ओशाळलो. वाटले, वयामुळे त्यांचा हात मंदावला असेल. पण शोध घेतल्यावर कळले की, चूक माझीच होती. जपानी दूरदर्शन संच सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवीत. आपली पद्धत ५० ची. खेळाची गती पडद्याशी बांधलेली. म्हणून जपानात एक मिनिट चालणारा खेळ आपल्याकडे ७२ सेकंद चाले! मी पुस्तकी माहितीवरून जपानचे यंत्र उभे केले होते, मामांचे नव्हे. आकडा ५० केला. मामा खेळू लागले आणि मामींनी जेवायला दोनदा हाक मारली तरी उठले नाहीत.

मूळ प्रत आणि तिची नक्कल यांत आपण मूळ प्रतीलाच मान देतो, आणि ते योग्यही आहे. परंतु आपल्या माणसांच्या हाती जी पोथी पडली, जिच्यावर त्यांचे बालपण गेले, ती नक्कलच असेल तर तिचा पाठभेदही नोंदवायला हवा. जपानच्या यंत्राची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. आरमोरीच्या यंत्राची नोंद आपणच ठेवली पाहिजे. आणि त्यासाठी यंत्र उघडण्याआधी ते वापरणाऱ्याला विचारले पाहिजे, एवढे मी या उन्हाळ्यात शिकलो.