लेनिन वाचताना, शिकवताना

उरणच्या मोरा बंदराजवळ आमचा अभ्यासवर्ग भरायचा. वर्गाची वेळ भरती पाहून ठरायची. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नसे आणि बरेच वक्ते मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचे. तिथे लेनिन वाचताना, शिकवताना जे पटले ते असे.

१. आधी सन पाहा. लेनिनचे ‘काय करावे?’ १९०२ चे, झारच्या पोलिसांपासून लपून काम करणाऱ्या पक्षासाठी लिहिलेले. त्याच लेनिनने १९२१ च्या नव्या आर्थिक धोरणात शेतकऱ्याला उरलेले धान्य बाजारात विकू दिले. सन सोडून वाक्य उचलले की सिद्धान्ताची पोथी होते.

२. आपल्या दारातून आत शिरा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिनने त्याच वर्षी एका लेखात या संपाचे स्वागत केले. वर्गात तो लेख आधी घेतला की गिरणीत राबलेली म्हातारी माणसे आपणहून बोलू लागत.

३. जमिनीला ग्रंथाच्या पुढे जावे लागते. मार्क्सची भिस्त कारखान्यातल्या कामगारावर. लेनिनने शेतकऱ्याला जोडीला घेतले. जानेवारी १९८४ मध्ये उरणचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध उठले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे मार्क्सवादाचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचे. पण ज्याची जमीन गेली त्याला विकसित जमिनीत वाटा द्या, ही मागणी कुठल्याच ग्रंथात नव्हती. ती इथल्या भातशेतीतून आली.

४. संघटनेला कान हवेत. कामगार आपोआप पगारवाढीच्या लढ्यापर्यंतच पोचतो, समाजवादी जाणीव बाहेरून न्यावी लागते, असे लेनिनचे म्हणणे. त्यासाठी पक्षाची सगळी सूत्रे वरच्या समितीकडे देण्याच्या त्याच्या विचाराला मार्क्सवादी रोझा लक्झेंबर्गने १९०४ मध्येच विरोध केला. गावकीच्या बैठका पाहिल्यावर मी रोझाच्या बाजूचा झालो.

५. अडचणीची पाने झाकू नका. निवडलेल्या माणसाला लोक कधीही माघारी बोलावतील, त्याचा पगार कामगाराएवढाच असेल, असे लेनिनचे ‘राज्य आणि क्रांती’ सांगते. प्रत्यक्षात जानेवारी १९१८ मध्ये रशियाची संविधान सभा बरखास्त झाली, १९२१ मध्ये लेनिनच्या पक्षातल्या गटांवर बंदी आली. “मग ते झालं का?” असे पोरे विचारतात. “नाही,” हेच उत्तर द्यावे.

राबणाऱ्याच्या हाती सत्ता आली की नाही, हीच समाजवादाची कसोटी. ती लेनिनला लावा, आपल्या पुढाऱ्यांनाही लावा. आणि वाचायला चार जण मिळून बसा.