पाण्यावरून आणि पाण्याखालून : ओरेसुंडचा जोडमार्ग

नदीवर पूल आणि डोंगरातून बोगदा, ही वाटणी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु एकच सामुद्रधुनी ओलांडताना काही वाट पुलावरून व काही समुद्रतळाखालून न्यावी, असे का घडावे? डेन्मार्क आणि स्वीडन या देशांमधील ओरेसुंड सामुद्रधुनीवरील मार्गाच्या अभ्यासातून या प्रश्नाचा उलगडा होतो.

या कामासाठी उभय शासनांनी १९९१ मध्ये करार केला आणि १ जुलै २००० रोजी मार्ग वाहतुकीस खुला झाला. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन व स्वीडनचे माल्मो शहर यांना जोडणारा हा मार्ग सुमारे १६ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचे तीन भाग आहेत : स्वीडनच्या बाजूने ७,८४५ मीटरचा पूल, पुढे सुमारे ४ किलोमीटर लांबीचे कृत्रिम बेट आणि तेथून डेन्मार्कच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४ किलोमीटरचा बोगदा. चौपदरी रस्ता आणि दुहेरी लोहमार्ग या तिन्ही भागांतून जातात.

बोगदा कशासाठी?

पुलाचा मुख्य गाळा ४९० मीटरचा असून त्याखाली जहाजांसाठी ५७ मीटर उंचीची मोकळी जागा आहे. हा गाळा पेलणारे मनोरे २०४ मीटर उंच आहेत. डेन्मार्कच्या किनाऱ्यालगत मात्र कोपनहेगनचा विमानतळ आहे. तेथे असे मनोरे उभारणे विमानांना धोक्याचे ठरले असते. पूल ठेंगणा ठेवावा, तर जहाजांचा मार्ग बंद झाला असता. आकाश आणि पाणी दोन्ही मोकळे ठेवावयाचे, तर वाट तळाखालून नेणेच इष्ट होते.

त्यासाठी समुद्रतळाशी लांबच लांब चर खणण्यात आला. बोगद्याचे २० भाग किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये ओतून तयार केले गेले. प्रत्येक भाग सुमारे १७६ मीटर लांब आणि ५५,००० टन वजनाचा होता. तोंड बंद केलेली रिकामी घागर जशी तरंगते, तसे दोन्ही टोके बंद केलेले हे पोकळ भाग तरंगत नेऊन चरात बुडविले, एकमेकांस जोडले आणि वरून दगडांनी झाकले.

प्रवाहाचे रक्षण

याहून नाजूक प्रश्न बाल्टिक समुद्राचा होता. या समुद्रात अनेक नद्यांचे गोडे पाणी येते. खारे, प्राणवायूयुक्त पाणी मात्र ओरेसुंडसारख्या थोड्या अरुंद वाटांनीच आत शिरते. तेथील कॉड माशाची अंडी पुरेशा खाऱ्या पाण्यातच तरंगतात. खारेपणा घटला, तर ती प्राणवायू नसलेल्या खोल थरात जाऊन नष्ट होतात. पुलाचे खांब व बेट यांमुळे प्रवाह अडला असता, तर त्याची झळ बाल्टिकच्या काठावरील इतर देशांतील मच्छीमारांनाही पोहोचली असती. म्हणून बाल्टिककडे जाणाऱ्या पाण्यात कोणताही फरक पडू नये, अशी अट घालण्यात आली. खांबांमुळे व बेटामुळे जेवढा अडथळा होईल, तेवढी भरपाई तळ खोल करून करण्यात आली.

तळातून निघालेले दगड व माती बेटाच्या भरावासाठी उपयोगी पडली. शेजारच्या नैसर्गिक बेटाचे नाव ‘मिठाचे बेट’ अशा अर्थाचे. म्हणून नव्याला ‘मिरीचे बेट’ अशा अर्थाचे पेबरहोम हे नाव मिळाले. तेथे लागवड न करता भूमी निसर्गाच्या स्वाधीन करण्यात आली. पुढे त्यावर ५०० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींची नोंद झाली.

बांधकामाचा खर्च दोन्ही शासनांच्या हमीवर काढलेल्या कर्जातून झाला. त्याची फेड पथकर आणि रेल्वेकडून मिळणारे शुल्क यांतून करावयाची, अशी योजना ठरली.

मार्गाची आखणी करताना दोन किनारे आणि त्यांवरील प्रवासी प्रथम डोळ्यांसमोर येतात. ओरेसुंड येथे त्या वाटेने कधीही न जाणाऱ्यांचाही, म्हणजे खलाशी, वैमानिक आणि दूरच्या मच्छीमारांचाही, विचार झाला. एक वाट उघडताना दुसऱ्याची वाट बंद होऊ नये, हेच या जोडमार्गाचे खरे मर्म होय.