हरित वीज घेताय? वाशिमकरांनो, आधी हिशेब बघा

वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठेही राहा. स्वच्छ वीज तीन वाटांनी मिळते. छतावर सोलर बसवून, महावितरणला जादा दर देऊन किंवा प्रमाणपत्र विकत घेऊन. घरगुती ग्राहक असाल तर पहिलीच वाट धरा. बाकीच्या दोन्हींत पैसे जातात, बिल मात्र कमी होत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे. 5 किलोवॉट घ्या की 10, आकडा 78 हजारांवरच थांबतो. पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येतात. आधी सगळी रक्कम तुम्हीच उभी करायची. समजा, 3 किलोवॉटचे कोटेशन 1 लाख 90 हजारांचे आहे. हातून जाणार 1 लाख 90 हजार, परत येणार 78 हजार, खरा खर्च 1 लाख 12 हजार. एवढी रोकड नसेल तर सरकारी बँकेत या योजनेचे विनातारण कर्ज मागा. ‘अनुदान आम्ही काढून देतो’ म्हणत कोऱ्या धनादेशावर सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

महिन्याला 100 युनिटच्या आत वीज वापरत असाल तर राज्याची ‘स्मार्ट’ योजना आधी विचारा. 1 किलोवॉटचा खर्च 50 हजार धरलेला आहे. केंद्राचे 30 हजार आणि राज्याचा वाटा वजा जाता दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातींना 5 हजार आणि इतरांना 10 हजार भरावे लागतात. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे, म्हणून अर्ज लांबवू नका.

मोठी यंत्रणा गळ्यात मारून घेऊ नका. 1 किलोवॉट महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देते आणि बिनसावलीची 100 चौरस फूट जागा खाते. मागच्या 12 महिन्यांची बिले काढा आणि सरासरीवर ठरवा. शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळते होतात. आर्थिक वर्षाअखेर उरतात त्यांना दर बराच कमी मिळतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो, शून्य बिलाच्या जाहिरातीत तो नसतो.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. बॅटरी नसलेली यंत्रणा लाइन गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाइनमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. भारनियमनावर उपाय म्हणून सोलर घेणार असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

कागदपत्रे: चालू वीजबिल, आधार, बँक पासबुक, घराच्या मालकीचा पुरावा (गावात नमुना 8), मोबाइल क्रमांक. थकबाकी शून्य हवी. आपल्याकडे घोडे अडते ते बिलावरच्या नावावर. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि खाते नातवाचे, असे असेल तर आधी महावितरणकडे नावबदल करा, मगच अर्ज. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः करता येतो. 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही, म्हणून ‘फाइल पुढे सरकवण्याचे’ पैसे कुणाला देऊ नका.

कोटेशन एका ओळीचे स्वीकारू नका. उंच स्ट्रक्चर, जादा केबल, अर्थिंग, वीजरोधक, वाहतूक, सगळे वेगवेगळे लिहून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे) महावितरण मोफत देणार असल्याचे जाहीर झाले आहे. त्याचे पैसे मागितले तर अधिकृत पावती मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, जुन्या दराचे कोटेशन परत करा. अनुदानासाठी पॅनल देशी सेलचेच लागते. ते छतावर चढण्याआधी मागच्या स्टिकरवरचे क्रमांक मोबाइलमध्ये टिपा आणि बिलाशी ताडून पाहा. 5 वर्षांची देखभाल करारात हवी. पॅनल धुणे मात्र तुमच्याकडेच. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा आणि धूळ बसते, तेव्हा पाण्याचा नळ छतापर्यंत न्या.

उरलेल्या दोन वाटा थोडक्यात. महावितरणच्या हरित दरात नेहमीच्या दरावर प्रतियुनिट जादा आकार पडतो. 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने तो 66 पैसे ठरवला होता, अर्जापूर्वी चालू दर पाहा. बदल्यात प्रमाणपत्र मिळते. अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र वीज बाजारात विकले जाते, एक म्हणजे 1,000 युनिट. वीज कागदाबरोबर घरी येत नाही. शिवाय नेट मीटरवरच्या घरगुती छतावरची वीज महावितरणच्या अक्षय ऊर्जा खरेदीच्या बंधनात मोजली जाते. म्हणून ‘तुमच्या छताचे क्रेडिट विकून देतो, नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर पैसे भरू नका.

जिनिंग किंवा डाळ मिल चालवत असाल आणि मंजूर मागणी 100 किलोवॉट किंवा जास्त असेल, तर बाहेरच्या सौर प्रकल्पाची वीज खुल्या प्रवेशातून घेता येते. विक्रेता प्रतियुनिट दर सांगेल. त्यात पारेषण, वहन, क्रॉस सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार आणि वाटेतली गळती मिळवून तुमच्या मिलच्या मीटरपाशी पडणारा दर लेखी मागा. हंगाम चार-सहा महिन्यांचा आणि करार बारा महिन्यांचा असेल तर सही करू नका.

पीएम सूर्यघर योजनेची मदत 15555 वर, महावितरणची 1912 वर, विक्रेत्याविरुद्ध तक्रार 1915 वर. तक्रार करताना पावती लागते, म्हणून एक रुपयाही रोखीत देऊ नका.