आपलं कोण, हे पिल्लाला कसं कळतं?

बदकांतल्या कुरूप पिल्लाची अँडरसनची गोष्ट १८४३ची; गदिमांच्या गाण्यामुळे ती आपल्या घरोघरी पोचली. शेवटी पिल्लू पाण्यात स्वतःला पाहतं आणि आपण हंस आहोत हे ओळखतं. प्रत्यक्षात मात्र अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं दिसेल, त्यालाच अशी पिल्लं आई मानतात. याला 'इम्प्रिंटिंग' म्हणतात. बदकिणीने वाढवलेला हंस मोठेपणी कदाचित जोडीदारही बदकांतच शोधेल!

कोनराड लॉरेन्झ रानबदकांच्या पिल्लांची 'आई' होऊन गवतात उकिडवे चालत, क्वॅक-क्वॅक करत फिरले. तो किस्सा तुम्ही 'किंग सॉलोमन्स रिंग'मध्ये वाचा. मग शनिवारी मुलांना दुबईच्या अल कुद्रा तळ्यांवर न्या, बदकं दाखवा, गोष्ट मराठीत सांगा आणि शेवट त्यांनाच ठरवू द्या.